शर्करा म्हणजे खडा

साखर म्हटले की तोंडाला पाणी सुटते; पण या नामाच्या मूळ अर्थात गोडीचा मागमूसही नाही. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे वाळूतला खडा. सुश्रुतसंहितेत मूतखडा फुटून पडणाऱ्या कणांनाही शर्कराच म्हटले आहे. प्राकृतात त्याचे 'सक्करा' झाले आणि पुढे मराठीत 'साखर'.

गुळाचेही तसेच. 'गुड' म्हणजे गोळा आणि 'खण्ड' म्हणजे तुकडा. नावे पडली ती चवीवरून नव्हे, रूपावरून. कौटिलीय अर्थशास्त्रात ती फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड, शर्करा अशा क्रमाने येतात. फाणित म्हणजे आपली काकवी. मत्स्यण्डिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी रवाळ साखर. रस आटवण्यापासून स्वच्छ स्फटिक मिळवण्यापर्यंतच्या पायऱ्याच या यादीत उतरल्या आहेत.

त्यातल्या पहिल्या पायऱ्या कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळांत आजही पाहता येतात. काहिलीत रस उकळताना आम्लतेमुळे सुक्रोजचा काही भाग फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज बनतात. या दोन्ही शर्करा स्फटिक वाढू देत नाहीत. त्यांचे प्रमाण वाढले तर गूळ चिकट राहतो. म्हणून रसात चुन्याची निवळी घालतात. गुळात हे सारे एकत्र गोठते. स्फटिकांभोवतीची मळी निथळून काढली, की उरतो तो खडा. हे कसब ज्यांनी साधले, त्यांनीच हे नाव ठेवले.

माल परदेशी गेला, तसे नावही गेले. फारसी 'शकर', अरबी 'सुक्कर', जर्मन 'त्सुकर' आणि त्यावरून थेट बाल्टिक किनाऱ्यावरच्या लात्व्हियन भाषेत 'त्सुकुर्स'. ग्रीक-लॅटिन वाटेने गेलेले रूप उसाच्या 'सॅकॅरम' या शास्त्रीय नावात आहे; १८७९ साली सापडलेल्या सॅकरिनच्या नावातही तेच. (यात साखर मात्र नाही!) 'खण्ड' फिरत फिरत 'कँडी' होऊन परतला.

आता वर्गातला पेच. रसायनशास्त्राने शर्करा हे एका पदार्थाचे नव्हे, गटाचे नाव केले आहे: ग्लुकोज, फ्रुक्टोज, दुधातले लॅक्टोज, सारे त्यात आले. घरात मात्र शर्करा म्हणजे डब्यातली साखर. मग 'रक्तातली शर्करा वाढली' हे ऐकून मुले आजोबांचा चहा गुळाचा करून मोकळी होतात. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते. आणि रक्तात मोजतात ते ग्लुकोज. ते ज्वारीच्या भाकरीतल्या पिष्टापासूनही तयार होते.