बेट, संघ आणि ध्वज : खेळाच्या मैदानात ‘देश’ कोण ठरवते?

१. प्रश्न काय आहे?

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत स्वतःचा संघ उतरवण्याचा हक्क कोणाला असतो? ‘देशाला’ असे उत्तर तुम्ही लगेच द्याल. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. उरलेले अर्धे उत्तर शोधताना आपल्याला काही अगदी लहान बेटांकडे जावे लागेल आणि शेवटी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर परत यावे लागेल.

सुरुवात एका तुलनेने करू. २०११ च्या जनगणनेनुसार बेंगळुरू शहराची लोकसंख्या सुमारे ८४ लाख होती. त्याच वर्षी आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटाचीही जनगणना झाली आणि तेथील लोकसंख्या सुमारे ८४ हजार भरली. म्हणजे बरोबर शंभरावा हिस्सा. बेंगळुरू महानगरपालिकेचे तेव्हा १९८ वॉर्ड होते. त्या हिशेबाने हे सगळे बेट आपल्या शहराच्या दोन वॉर्डांएवढे झाले. तरीही राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेच्या संचलनात आइल ऑफ मॅनचा संघ स्वतःचा ध्वज घेऊन भारताच्या बरोबरीने चालतो. ऑलिंपिकच्या संचलनात मात्र तो कोठेच दिसत नाही. असे का?

२. पुणे, २००८ : ५३ देशांचे ७१ संघ

१२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात पुण्याला बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात तिसरी राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाली. अ‍ॅथलेटिक्स, बॅडमिंटन, मुष्टियुद्ध, नेमबाजी, जलतरण, टेबल टेनिस, टेनिस, वेटलिफ्टिंग आणि कुस्ती असे नऊ खेळ होते. दोन वर्षांनी दिल्लीत होणाऱ्या मोठ्या स्पर्धेची ही एक प्रकारे रंगीत तालीमच होती.

त्या वेळी राष्ट्रकुलात ५३ सदस्य देश होते, पण राष्ट्रकुल क्रीडा महासंघाच्या सदस्य संघटना होत्या ७१. हे वरचे १८ आले कोठून? वहीत मांडून पाहा. ब्रिटन हा राजकीयदृष्ट्या एक देश. पण या मैदानावर इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे त्याचे चार संघ होतात. म्हणजे तीन वाढले. उरलेले पंधरा असे : जर्सी, गर्न्झी, आइल ऑफ मॅन, जिब्राल्टर, अँग्विला, बर्म्युडा, ब्रिटिश व्हर्जिन बेटे, केमन बेटे, फॉकलंड बेटे, माँटसेराट, सेंट हेलेना, टर्क्स आणि केकॉस, कुक बेटे, निउए आणि नॉरफोक बेट. ५३ + ३ + १५ = ७१.

या पंधरांपैकी जिब्राल्टर सोडले तर बाकी सगळी बेटे किंवा बेटांचे समूह आहेत. यांपैकी एकही राष्ट्रकुलाचा स्वतंत्र सदस्य देश नाही. तरी प्रत्येकाचा संघ आहे आणि महासंघाच्या सभेत प्रत्येकाला भारताएवढेच, म्हणजे एक मत आहे. पुण्यानंतरची, २०११ ची युवा स्पर्धा भरवली तीही आइल ऑफ मॅननेच. तीस लाखांच्या पुण्याकडून यजमानपद ८४ हजारांच्या बेटाकडे गेले.

३. आइल ऑफ मॅन : एक खेळाडू, दोन ध्वज

हे बेट ब्रिटिश राजघराण्याच्या अधीन आहे, पण युनायटेड किंग्डमचा भाग नाही. टिनवाल्ड ही त्याची स्वतःची संसद असून तिची परंपरा हजार वर्षांची मानली जाते. या स्वायत्ततेचा खेळाशी थेट संबंध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर मोटारींच्या शर्यती लावायला कायद्याची आडकाठी होती. १९०४ मध्ये टिनवाल्डने कायदा करून शर्यतीसाठी रस्ते बंद करण्याची मुभा दिली. त्यातूनच १९०७ मध्ये टीटी ही जगप्रसिद्ध मोटारसायकल शर्यत सुरू झाली. पुढे त्याच चढउतारांच्या रस्त्यांवर सायकलशर्यती होऊ लागल्या आणि बेटाला सायकलपटूंची परंपरा लाभली.

१९५८ मध्ये कार्डिफ येथे या बेटाचा संघ राष्ट्रकुल स्पर्धेत प्रथम उतरला. १९६६ मध्ये किंग्स्टनला पीटर बकलीने रोड रेसचे सुवर्णपदक मिळवले. २००६ मध्ये मेलबर्नला मार्क कॅव्हेंडिशने ट्रॅकवरील स्क्रॅच शर्यत जिंकली. ही दोन्ही पदके बेटाच्या नावावर आहेत.

आता याच कॅव्हेंडिशचे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील रौप्यपदक पाहा. ते ब्रिटनच्या खात्यात आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सांघिक पाठलाग शर्यतीचे सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांत या बेटाचा पीटर केनॉ होता. तेही पदक ब्रिटनचेच. माणूस तोच, घर तेच. स्पर्धेचा नियम बदलला की ध्वज बदलतो.

४. मग बर्म्युडाला कसे जमले?

‘सार्वभौम देश नाही म्हणून ऑलिंपिक संघ नाही’ असा निष्कर्ष तुम्ही काढला असेल, तर जरा थांबा. अटलांटिक महासागरातील बर्म्युडाही सार्वभौम नाही. तो ब्रिटनचा सागरपार प्रदेश आहे. लोकसंख्या सुमारे ६४ हजार, म्हणजे आइल ऑफ मॅनहूनही कमी. तरीही जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये फ्लोरा डफीने ट्रायथलॉनचे सुवर्ण जिंकले, ते बर्म्युडाच्या ध्वजाखाली. बर्म्युडाचे ते पहिलेच ऑलिंपिक सुवर्ण होते.

दोन बेटांतील हा फरक लोकसंख्येचा नाही आणि स्वायत्ततेचाही नाही. फरक तारखेचा आहे. बर्म्युडाचा संघ १९३६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. १९९६ मध्ये ऑलिंपिक सनदेत बदल झाला आणि यापुढे ‘देश’ म्हणजे आंतरराष्ट्रीय समुदायाने मान्य केलेले स्वतंत्र राज्य, अशी व्याख्या आली. आधी आत असलेल्यांना बाहेर काढले नाही. म्हणून बर्म्युडा, केमन बेटे, अरुबा, ग्वाम, पोर्टो रिको यांचे संघ आजही दिसतात. जे तोवर आत शिरले नव्हते, त्यांच्यासाठी दार बंद झाले. डेन्मार्कच्या अखत्यारीतील फेरो बेटे पॅरालिंपिकमध्ये स्वतःच्या नावाने उतरतात, पण ऑलिंपिकमध्ये नाही.

आत असलेलाही बाहेर पडू शकतो. नेदरलँड्स अँटिलीस हा कॅरिबियनमधील बेटांचा समूह २०१० मध्ये राजकीयदृष्ट्या विसर्जित झाला आणि पुढच्या वर्षी त्याच्या ऑलिंपिक समितीची मान्यता गेली. तेथील काही खेळाडू २०१२ मध्ये लंडनला ऑलिंपिक ध्वजाखाली उतरले. त्यांची बेटे जागच्या जागी होती. समिती उरली नव्हती.

५. आपलीही गोष्ट तीच : पुणे ते अँटवर्प, १९२०

हा सगळा दूरच्या बेटांचा मामला वाटत असेल, तर आता आपल्या घरचा इतिहास पाहू.

१९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या वार्षिक क्रीडास्पर्धा झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. खेड्यापाड्यांतून आलेली मुले तेथे अनवाणी धावत होती आणि त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांच्या फार मागे नव्हत्या. हे धावपटू ऑलिंपिकला पाठवायचे असे दोराबजींनी मनावर घेतले. पत्रव्यवहार झाला, समिती बनली, निवड चाचणी झाली आणि १९२० मध्ये सहा जणांचा संघ अँटवर्पला गेला : पुरमा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी हे धावपटू आणि कुमार नवले, रणधीर शिंदेस हे मल्ल. बेळगावचे चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. शिंदेस फेदरवेट फ्रीस्टाइल कुस्तीत चौथे आले. पदक एका कुस्तीने हुकले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले.

आता प्रश्न विचारा : १९२० मध्ये भारत सार्वभौम होता का? अजिबात नव्हता. आइल ऑफ मॅनला तेव्हा निवडून आलेले कनिष्ठ सभागृह होते. आपल्याकडे खरी सत्ता गव्हर्नर जनरलच्या हाती होती. ‘सार्वभौमत्व’ ही अट त्या काळी असती, तर चौगुले आणि शिंदेस अँटवर्पला गेले नसते, निदान भारताच्या नावाने तरी नाही.

ते शक्य झाले, कारण आरंभीच्या ऑलिंपिक चळवळीने क्रीडेचा नकाशा राजकीय नकाशापेक्षा वेगळा ठेवला होता. रशियाच्या ताब्यातील फिनलंड आणि ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील बोहेमिया १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये वेगळ्या संघांनी उतरले होते. त्याच दारातून भारत आत आला. १९३४ च्या लंडन साम्राज्य क्रीडास्पर्धेत रशीद अन्वरने कुस्तीत आपले पहिले पदक, कांस्य, मिळवले तेही स्वातंत्र्याच्या तेरा वर्षे आधी.

६. ज्यांना दार मिळाले नाही त्यांनी काय केले?

१९८५ मध्ये आइल ऑफ मॅनने इतर बेटांना आमंत्रण दिले आणि आंतर-बेट क्रीडास्पर्धा भरवली. १५ बेटे आली. त्यांत शेटलंड, ऑर्कनी, फेरो, ऑलंड, गोटलंड होती. आइसलंड आणि माल्टाही होते. एकदाच करायचा म्हणून ठरवलेला हा सोहळा इतका रुजला की १९८७ मध्ये गर्न्झीने पुढची स्पर्धा घेतली आणि आज ‘आयलंड गेम्स’ या नावाने ती दर दोन वर्षांनी होते. २०२५ ची स्पर्धा ऑर्कनीत झाली. त्याच १९८५ साली सान मारिनोत युरोपातील लहान देशांची वेगळी स्पर्धा सुरू झाली. तिची अट सार्वभौमत्वाची. आइसलंड आणि माल्टा स्वतंत्र देश असल्याने तेथे बसले आणि पुढे बेटांच्या स्पर्धेतून बाहेर पडले.

धागा वेगळा धरला की कुटुंबही वेगळे बनते. जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात लुसोफोनिया स्पर्धा झाली, तिचा धागा पोर्तुगीज भाषेचा आणि इतिहासाचा. केप व्हर्दे, साओ टोमे आणि प्रिन्सिपे, पूर्व तिमोर आणि मकाऊ येथील खेळाडू पणजी-मडगावच्या मैदानांवर उतरले. मकाऊ आज चीनचा भाग आहे, तरी त्याचा संघ वेगळा होता.

७. जिंकत नाहीत, तर येतात कशाला?

लहान संघासाठी स्पर्धेत पोचणे हेच मोठे काम असते. सेंट हेलेनाला २०१७ पर्यंत नियमित प्रवासी विमानसेवाच नव्हती. केप टाउन गाठायला बोटीने सुमारे पाच दिवस लागत. निउएची वस्ती दोन हजारांहून कमी. २००२ पासून त्याचा संघ राष्ट्रकुल स्पर्धेत येत होता. पहिले पदक मिळाले २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला, मुष्टियुद्धातील कांस्य. वीस वर्षांच्या वाटचालीत एक पदक. पण त्या वीस वर्षांत निउएचे नाव दर वेळी पुकारले गेले. ‘आम्ही आहोत’ हे जगाला सांगायची अशी जागा लहान समाजाला दुसरीकडे सहसा मिळत नाही.

येथे आकड्यांबाबत एक सावधगिरी. ‘दरडोई पदके’ काढून लहान बेटांना पहिला क्रमांक देण्याची पद्धत आहे. ती जपून वापरा. ६४ हजारांमागे एक सुवर्ण हे बर्म्युडाचे प्रमाण १४० कोटींच्या भारताला लावले, तर आपल्याला सुमारे २२ हजार सुवर्णपदके लागतील. टोकियोत एकूण क्रीडाप्रकारच ३३९ होते. छेद लहान असला की भागाकार फुगतो. शिवाय प्रत्येक प्रकारात एका देशाने किती खेळाडू उतरवायचे यालाही मर्यादा असते.

८. सारांश

संघ हा निसर्गाने दिलेला नसतो आणि तो केवळ सार्वभौमत्वातूनही येत नाही. कोणीतरी समिती बनवते, अर्ज करते, त्या वर्षीचा नियम त्याला अनुकूल असतो. मग ध्वज, मग पदकतालिका. बर्म्युडाला ते साधले, आइल ऑफ मॅनला अर्धेच साधले आणि भारताला १९२० मध्ये पारतंत्र्यात असताना साधले. पदकतालिका वाचताना ‘कोण पहिला आला’ याबरोबर ‘या यादीत कोणाची ओळच नाही’ हेही पाहायची सवय लावा.

विचारासाठी प्रश्न

१. २०११ च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपची लोकसंख्या सुमारे ६४ हजार, म्हणजे बर्म्युडाएवढी. लक्षद्वीपचा संघ आपल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत उतरतो, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तेथील खेळाडू भारताकडून खेळतात. लक्षद्वीपचे भारताशी असलेले नाते आणि बर्म्युडाचे ब्रिटनशी असलेले नाते यांत घटनात्मक फरक कोणता?

२. १९९६ चा नियम १९२० मध्ये असता, तर भारतीय क्रीडेचा इतिहास कसा बदलला असता? एका पानात लिहा.

३. ‘आधी आलेल्यांना ठेवायचे, नव्यांना नाही’ हे तत्त्व तुम्हाला न्याय्य वाटते का? दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडा.