तीन मिलिमीटरांचा इतिहास



या व्यासपीठावर साम्राज्यांचे, संतांचे आणि राज्यघटनेचे विषय होऊन गेले. माझा विषय त्यांच्यापुढे अगदीच ठेंगणा आहे. जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलीत ठिणगी नेमकी केव्हा पडावी, आणि गाडी जागेवर उभी असताना इंजिनाच्या पोटात पेट्रोल व हवा किती जावी, एवढाच तो आहे. मी नववीत शाळा सोडली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दाराशी आणि नगरवाचनालयात झाले. या विषयाकडेही मी हौसेने वळलो नाही. एका मजूर-तंट्यामुळे वळावे लागले. तो तंटा शेवटी सांगेन. आधी इतिहास.

फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या दोनदा वर आणि दोनदा खाली जातो, तेव्हा कुठे एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्फोट. हे जमवले प्रथम स्कॉटलंडच्या ड्युगाल्ड क्लर्कने, 1880 च्या आसपास. पण त्याच्या यंत्राला ताजे मिश्रण ढकलण्यासाठी एक वेगळे सिलिंडर जोडावे लागे. इंग्लंडातील बाथ गावच्या जोसेफ डे याने 1891 मध्ये ते काढून टाकले आणि दट्ट्याच्या खालच्या बंद पेटीकडूनच पंपाचे काम करून घेतले. तरी व्हॉल्व उरलेच होते. ते घालवले डेच्याच कारखान्यातल्या एका कामगाराने. फ्रेडरिक कॉक त्याचे नाव. दट्ट्याची कडाच वरखाली होताना भोके उघडझाप करील, मग वेगळ्या झडपा हव्यात कशाला, असा त्याचा साधा हिशेब. 1892 मध्ये त्याचे पेटंट झाले. आज आपण जिला टू-स्ट्रोक म्हणतो ती खरी ही. पुस्तकांत मात्र तिला ‘डेचे इंजिन’ म्हणतात. कॉकचे नाव शोधायला मला वाचनालयात दोन महिने लागले. असो.

पुढचे मोठे पाऊल जर्मनीतले. त्शोपाऊ येथील डीकेडब्ल्यू हा कारखाना 1930 च्या सुमारास जगातला सर्वांत मोठा मोटारसायकल कारखाना होता. तोवर दट्ट्याच्या डोक्यावर एक उंचवटा ठेवीत, म्हणजे आत येणारे ताजे मिश्रण सरळ धुराड्यातून निसटू नये. हा उंचवटा जड असे आणि तापे. आडोल्फ श्न्युर्ले या इंजिनिअरने भोकांची दिशाच अशी वळवली की मिश्रण समोरच्या भिंतीवर चढून, वळसा घेऊन, जळका धूर पुढे रेटते. दट्ट्याचे डोके सपाट झाले. युद्धानंतर ही पद्धत सर्वत्र पसरली.

आपल्या रस्त्यांवर ती आली जावाच्या रूपाने. फ्रांटिशेक यानेचेक याने 1929 मध्ये वांडरर कंपनीकडून मोटारसायकलीचे हक्क घेतले. दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ झाले. प्राग शहर हिटलरच्या टाचेखाली असताना तिथल्या कारागिरांनी नव्या 250 सी.सी. गाडीचे काम चोरून चालू ठेवले, आणि 1946 मध्ये ती पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. तिच्याच घराण्यातल्या गाड्या रुस्तम व फारोख इराणी यांच्या आयडियल जावा कारखान्यात, म्हैसूरला, 1961 पासून तयार होऊ लागल्या. 1973 पासून त्यांना येझदी नाव मिळाले. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. बंद पडलेल्या कारखान्याचा अर्थ या सभेत मी सांगायला नको. पण गाड्या राहिल्या, आणि त्या चालत्या ठेवणारे हातही राहिले. ते हात काय करतात ते आता पाहू.

पेट्रोल एका क्षणात पेटत नाही. आग पसरायला वेळ लागतो. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. जुन्या जावाच्या दट्ट्याची चाल 75 मिलिमीटर, आणि ठिणगी माथ्याच्या सुमारे तीन मिलिमीटर अलीकडे. म्हणजे चाकाचे वीसेक अंश. मिनिटाला चार हजार फेरे असताना एका फेऱ्याला पंधरा सहस्रांश सेकंद लागतात, तेव्हा हे वीस अंश एका सहस्रांशाच्या आतच संपतात. एवढ्याशा अवधीचा हा सगळा कारभार. ठिणगी लवकर पडली तर इंजिन खडखडते, तापते, किक उलटी पायावर येते आणि अखेर दट्ट्याला भोक पडते. उशिरा पडली तर गाडी चढाला झोपते आणि सायलेन्सरचा नळा निळा पडतो. फार जुन्या गाड्यांत ठिणगी पुढेमागे करायला हँडलवरच एक कांडी असे. चालवणारा रस्ता पाहून ती हलवी. जावात ती नाही. एकदा लावले ते लावले.

लावायचे कसे? आधी पॉइंटमधले अंतर, मग टायमिंग. हा क्रम चुकवणारा मेकॅनिक कच्चा समजावा. कारण अंतर वाढवले की पॉइंट लवकर उघडतात, आणि टायमिंग आपोआप पुढे सरकते. उलट, पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते, तसे अंतर कमी होते आणि ठिणगी दिवसेंदिवस उशिरा पडू लागते. मालकाला वाटते, गाडी म्हातारी झाली. प्लग काढून दट्ट्या माथ्यावर आणायचा, मागे न्यायचा, आणि इंजिन फिरते त्याच दिशेने पुन्हा पुढे आणून तीन मिलिमीटर अलीकडे थांबायचे. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा. कागद हलक्या ओढीने सुटला तो क्षण ठिणगीचा. पत्र्याची पट्टी सरकवून तो क्षण तिथे आणून बसवायचा. अर्धे आयुष्य विडीवर काढलेल्या आमच्या मित्रांना सिगारेटचे पाकीट विकत घ्यावे लागे ते या कागदासाठी.

टायमिंग झाल्यावरच कार्बोरेटर. इंजिन आधी दोनतीन मैल फिरवून गरम करावे. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. नंतर पाव-पाव फेऱ्याने आवाज ऐकायचा. आत घेतला की हवा कमी, पेट्रोल जास्त. काही कार्बोरेटरांत हा स्क्रू पेट्रोलचा असतो, तिथे सगळे उलट. वेग जिथे सर्वांत चढतो तिथे थांबून, स्लाइडच्या स्क्रूने वेग खाली आणायचा आणि मिश्रण किंचित दाट ठेवायचे. घड्याळासारखी टिकटिक मागू नये. बंद थ्रॉटलला ताजे मिश्रण इतके थोडे असते की जळका धूर पुरता बाहेर जातच नाही. एखादा फेरा फुकट जातो, पुढच्याला पेट घेतो. ती लंगडी चाल टू-स्ट्रोकची जन्मखूणच आहे. टायमिंग चुकलेले ठेवून ती स्क्रूने झाकायला गेलात, तर उभी गाडी गोड बोलेल आणि रस्त्यावर दगा देईल.

पेट्रोल वाचवायला मिश्रण पातळ करून घेणाऱ्यांना एक सांगतो. या गाडीत ऑइल पेट्रोलमधूनच येते, पंचविसात एक भाग. थ्रॉटल बंद करून घाट उतरताना पेट्रोल बंद, म्हणजे वंगणही बंद. खंबाटकीच्या उतारावर माझ्या जुन्या येझदीचे मागचे चाक एकाएकी अडकले तेव्हा हे कळले. पातळ मिश्रण मीच सांगून करून घेतले होते, मेकॅनिक नको म्हणत असताना.

आता तो तंटा. 1998 सालची गोष्ट. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दुचाकी दुरुस्तीच्या वर्कशॉपात एक माणूस अकरा वर्षे मस्टरवर ‘हेल्पर’ होता. टायमिंगची प्रत्येक गाडी त्याच्याकडेच जाई. मालकाचे म्हणणे, हा नुसता स्क्रू-ड्रायव्हर फिरवतो. आयटीआयचा कागद नाही, तर कुशल कसला? मजूर अधिकाऱ्यासमोर मी चार पानी टिपण दिले. ते अधिकाऱ्यांनी बाजूला ठेवले आणि त्या माणसालाच विचारले, ‘‘तीन मिलिमीटर मोजता कशाने?’’

त्याने खिशातून सायकलच्या चाकाची तार काढली. तिच्यावर कानशीने दोन खुणा केलेल्या. म्हणाला, ‘‘साहेब, प्लगचं भोक सरळ असेल तिथं ही वरची. तिरपं असेल तर तार तिरपी जाते, तीन मिलिमीटर खोटे दाखवते. म्हणून एकदा हेड उतरवून ताडून घेतलं, आणि त्या गाडीची खूण निराळी केली.’’

अधिकारी थोडा वेळ ती तार बोटांत फिरवत राहिले. मालकाच्या वकिलांनी काही विचारले नाही.

तडजोड झाली. त्या महिन्यापासून त्याला मेकॅनिकची श्रेणी मिळाली. मागच्या अकरा वर्षांचा फरक मिळाला नाही, आणि तो मिळवू शकलो नाही याची रुखरुख मला अजून आहे. तार पुरावा म्हणून फायलीला जोडली गेली. ती त्याने दोनदा परत मागितली. मग संध्याकाळी भंगारातल्या एका चाकातून दुसरी तार तोडली आणि कानस घेऊन बसला.