डोंगरातला चोर आणि त्याचे प्रेक्षक

चोराविषयी कायद्याचे मत एक असते आणि लोककथेचे मत पुष्कळदा दुसरे असते. कायदा त्याने काय घेतले ते पाहतो. लोककथा त्याने ते कोणाकडून घेतले आणि कोणाला दिले ते विचारते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारा एक तमिळ बोलपट २२ जुलै १९५४ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे नाव ‘मलैक्कळ्ळन’, म्हणजे डोंगरातला चोर. साहसाचा आणि करमणुकीचा म्हणून काढलेला हा बोलपट तमिळ प्रेक्षकांनी असा काही आपलासा केला, की त्याचा मागोवा घेताना चित्रगृहातून निघून विधानसभेपर्यंत जावे लागते.

या बोलपटामागे तीन निरनिराळ्या प्रकृतींची माणसे होती. मूळ कादंबरी नामक्कलचे कवी वे. रामलिंगम पिळ्ळै यांची. त्यांचे वडील पोलिसात हवालदार होते. मुलगा मात्र गांधीजींच्या मार्गाने गेला. १९३० साली राजगोपालाचारी यांच्या नेतृत्वाखाली त्रिचनापल्लीहून वेदारण्यमच्या समुद्रकिनाऱ्याकडे मिठाच्या सत्याग्रहींची जी पदयात्रा निघाली, तिचे संचलनगीत याच कवीने रचले होते. पुढे १९४९ साली मद्रास सरकारने त्यांना राजकवीचा मान दिला. अशा अहिंसावादी कवीने दरोडेखोराची कथा लिहावी, आणि तिच्यावरील बोलपटाचे संवाद मु. करुणानिधी यांनी लिहावेत, हा योग विलक्षणच होय. करुणानिधी हे अण्णादुराई यांच्या द्रविड मुन्नेत्र कळघमचे तरुण, जहाल वक्ते. काँग्रेस आणि कळघम या दोन पक्षांमध्ये त्या वेळी विस्तव जात नव्हता. या दोघांना एकत्र आणणारे निर्माते-दिग्दर्शक एस. एम. श्रीरामुलु नायडू हे कोइंबतूरच्या पक्षिराजा स्टुडिओचे मालक. त्यांना पक्षाशी कर्तव्य नव्हते. चांगली कथा, खटकेबाज संवाद आणि भरलेले चित्रगृह एवढेच त्यांना हवे होते.

कथा तशी सरळ आहे. गावात वीरराजन नावाचा धनिक आहे. दिवसा तो प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून मिरवतो आणि पडद्याआडून लुटारूंना हाताशी धरतो. डोंगरात राहणारा मलैक्कळ्ळन मात्र दुष्टांचे धन काढून घेतो आणि गरिबांचा सांभाळ करतो. हाच मनुष्य गावात अब्दुल रहीम नावाचा सभ्य व्यापारी म्हणून वावरतो, आणि खरे पाहता तो नायिका पूंगोदै हिच्या नात्यातील, फार वर्षांपूर्वी नाहीसा झालेला कुमारवीरन असतो. पूंगोदैला पळवून नेले जाते तेव्हा तिची सुटका पोलीस करीत नाहीत, चोर करतो. नायकाची भूमिका एम. जी. रामचंद्रन यांनी केली आणि नायिकेची पी. भानुमती यांनी.

प्रतिष्ठित मनुष्य चोर निघावा आणि चोर रक्षक निघावा, ही उलटापालट तमिळ प्रेक्षकाला परकी वाटली नाही. त्याचे कारण त्या भूमीच्या इतिहासात सापडते. इंग्रजी अंमलापूर्वी दक्षिण तमिळ प्रदेशात ‘कावल’ नावाची राखणीची पद्धत होती. गावाने राखणदाराला ठरावीक मोबदला द्यावा, आणि गुरे वा धान्य चोरीला गेले तर ते त्याने शोधून द्यावे किंवा भरून द्यावे, असा तो करार असे. राखण करणारा आणि लुटणारा हे पुष्कळदा एकाच समाजातले असत. इंग्रज सरकारने ही पद्धत मोडली आणि अशा काही समाजांवर गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का मारला. मद्रास प्रांतात तो कायदा १९४७ साली रद्द झाला. साऱ्या देशातून तो १९५२ साली गेला. म्हणजे ‘मलैक्कळ्ळन’ पडद्यावर आला तेव्हा सरकार ज्याला चोर म्हणते तो गावाचा राखणदारही असू शकतो, ही आठवण अजून ताजीच होती. गावाच्या वेशीवर हातात शस्त्र घेऊन उभा असलेला रक्षक देव तर तमिळ खेड्यात जागोजाग दिसतो. त्यांतल्याच मदुरै वीरनाची कथा १९५६ साली पडद्यावर आली, तेव्हा ती भूमिकाही रामचंद्रन यांच्याकडेच गेली.

खेड्यापाड्यांत हे बोलपट फिरत्या तंबूंमधून दाखवले जात. सर्वांत स्वस्त तिकीट जमिनीवर, वाळूत बसण्याचे. तिथे बसणाऱ्या शेतमजुरांना आणि गिरणी कामगारांना वाचता येत असो वा नसो, ऐकता उत्तम येत होते. त्यांच्या ओठी सर्वांत अधिक राहिले ते टी. एम. सौंदरराजन यांच्या आवाजातील एक गीत. देशात चाललेल्या फसवणुकीला जाब विचारून ते गीत शाळांचा, उद्योगांचा, भुकेल्याच्या पेजेचा आणि प्रत्येकाच्या घराचा संकल्प सोडते. कथेच्या ओघात ते चोराचे गाणे होते. वाळूत बसलेल्या प्रेक्षकाच्या कानी ते जाहीरनाम्यासारखे पडले. रामचंद्रन आदल्याच वर्षी, १९५३ साली, कळघमचे सभासद झाले होते, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे.

सरकार दरबारीही बोलपटाचा गौरव झाला. १९५४ च्या चित्रपटांसाठी दिलेल्या राष्ट्रीय पारितोषिकांत तमिळ विभागाचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक ‘मलैक्कळ्ळन’ला मिळाले. त्याच वर्षी मराठीचे रौप्यपदक आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटाला मिळाले होते.

श्रीरामुलु नायडूंनी ही कथा दुसऱ्या भाषांतही नेली. तेलुगूत ती १९५४ सालीच ‘अग्गि रामुडू’ या नावाने आली आणि नायक झाले एन. टी. रामराव. १९५७ साली ती कन्नड आणि मल्याळम भाषांत आली; सिंहलीतही गेली. हिंदीत ती १९५५ साली ‘आझाद’ झाली. दिलीपकुमार आणि मीनाकुमारी यांच्या या चित्रपटाला संगीत दिले ते सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर यांनी. त्यातील एक युगुलगीत लता मंगेशकर यांच्याबरोबर त्यांनी स्वतः गायिले. ‘आझाद’ही गाजला. पण तो गाजला निराळ्या कारणांनी. शोकांत भूमिकांत गुरफटलेला नट वेषांतरे करून हसवू लागला याचे हिंदी प्रेक्षकांना कौतुक वाटले, त्या भूमिकेसाठी दिलीपकुमार यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, आणि गाणी घरोघर पोहोचली. तोच दिग्दर्शक, तीच कथा, तोच चोर; परंतु हिंदी प्रेक्षकाने त्याच्याकडून करमणूक घेतली आणि तमिळ प्रेक्षकाने आश्वासन घेतले. बोलपटाचा अर्थ पडद्यावर अर्धाच असतो. उरलेला अर्धा प्रेक्षक आपल्या घरून घेऊन येतो.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. १९६७ साली कळघम सत्तेवर आला आणि रामचंद्रन आमदार झाले. संवादलेखक करुणानिधी १९६९ साली मुख्यमंत्री झाले. १९७२ साली दोघांची फारकत झाली, रामचंद्रन यांनी स्वतःचा पक्ष काढला, आणि १९७७ पासून मधला थोडा काळ वगळता १९८७ साली मृत्यू येईपर्यंत ते मुख्यमंत्रिपदी होते. तेलुगू अवतारातील नायक रामराव हेही १९८३ साली आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या यशाची मुळे मात्र त्यांच्या पौराणिक भूमिकांत अधिक शोधली जातात.

या आश्वासनाचे फळ काय, याचा हिशेब सोपा नाही. १९८२ साली रामचंद्रन यांच्या सरकारने मुलांच्या मध्यान्ह भोजनाची योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली. कामराज यांनी शाळांत लावलेले ते रोप पुष्कळ वाढले, आणि लक्षावधी मुलांच्या पानात अन्न पडले. त्या जुन्या गीतातील पेज खरोखरीच वाढली गेली, असे त्यांचे चाहते म्हणत. उलट एम. एस. एस. पांडियन यांच्यासारख्या अभ्यासकाने असे दाखवून दिले, की याच काळात कराचा मोठा भार गरिबांवरच होता, आणि पडद्यावरच्या त्रात्यावरील श्रद्धेमुळे तो त्यांना जाचला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कावलीचा राखणदारही गावाकडून मोबदला घेतच असे. फरक इतकाच, की चोरी झाली तर भरपाई मागण्याचा हक्क गावाने स्वतःकडे राखलेला होता.

रामलिंगम पिळ्ळै १९७२ साली निवर्तले. चेन्नईच्या सचिवालयातील दहा मजली इमारतीला आज त्यांचे नाव आहे. डोंगरातल्या चोराची कथा लिहिणाऱ्या, हवालदाराच्या मुलाच्या नावाच्या त्या वास्तूत राज्याचा कारभार चालतो, आणि तिथे अर्ज घेऊन येणारा सामान्य मनुष्य आजही त्या गीतातील शाळा, पेज आणि घर यांचीच मागणी करीत असतो.