पंधरा पिनांचा वारसा

राहात्याच्या एका शाळेत आम्ही लॅपटॉपला जुना मॉनिटर जोडला, तर पांढरे पान निळसर-हिरवे दिसू लागले! मॉनिटर भंगारात काढायचे घाटत होते. केबल काढून पाहिली, तर पंधरांपैकी पहिली पिन वाकलेली. तांबडा रंग नेमका तिच्यातूनच जातो. तांबडा, हिरवा, निळा यांना वेगवेगळ्या तारा देणारी ही व्हीजीए पद्धत आयबीएमने १९८७ साली आणली. तेव्हाच्या पिक्चर ट्यूबला कमीजास्त होणारा विद्युतदाबच हवा असे. पुढे पडदे सपाट झाले, तरी लॅपटॉप अंकांचा दाब करी आणि मॉनिटर त्या दाबाचे पुन्हा अंक! हा द्राविडी प्राणायाम १९९९ च्या डीव्हीआयने व २००२ च्या एचडीएमआयने टाळला. म्हणूनच नव्या लॅपटॉपला जुना मॉनिटर जोडताना नुसती केबल पुरत नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो. आमची पिन मात्र चिमट्याने सरळ झाली.