पडद्यावरील अंधार

ताडकळसच्या आमच्या घरांतील संगणक एका वैशाखाच्या दुपारीं आंधळा झाला. मुका नव्हे, आंधळाच. कारण पंखा फिरत होता आणि यंत्राच्या पोटांतून एक लांब व दोन आखूड शिट्या ऐकूं येत होत्या. आबांनीं तीन वर्षें खपून जुन्या उर्दू व मोडी कागदांचीं देवनागरी टिपणें त्यांत उतरविलीं होतीं. "गेलें सगळें!" म्हणून ते ओसरीवर जाऊन बसले.

त्या शिट्यांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १९८१ सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें घरगुती आकाराचा संगणक बाजारांत आणला, तेव्हां पडद्यावर अक्षर उमटविण्याचें काम एका वेगळ्या कार्डाकडे सोपविलें. आतां तें कार्डच बिघडलें, तर ही वार्ता पडद्यावर लिहावी कोणीं? म्हणून कर्ण्याची योजना.

त्या पहिल्या कार्डांपैकीं एकावर अक्षरांवांचून कांहीं उमटतच नसे. ८० रकाने, २५ ओळी, आणि अक्षरांचे सांचे कारखान्यांतच पक्के केलेले. त्यांत क, ख, ग नव्हते. १९८२ सालचें हर्क्युलीस कार्ड निघालें तें एका थाई विद्यार्थ्याला आपली लिपि पडद्यावर हवी होती म्हणून. आपल्याकडे कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें सुरू झालेलें असेंच काम पुढें पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत (स्थापना १९८८) आलें, आणि श्री. मोहन तांबे यांच्या 'जिस्ट' कार्डामुळें भारतीय लिप्या साध्या संगणकावर दिसूं लागल्या. १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाचा. कचेरीचा कारभार उर्दूंत. आपल्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागलेल्या घराण्यांना ह्या गोष्टीचें मोल सांगावयास नको.

असो. वीज तोडून मीं पेटी उघडली. आमच्याकडील उन्हाळा आणि धूळ, दोन्ही तेथें हजर होतीं. कार्ड काढून त्याच्या सोनेरी कडा खोडरबरानें पुसल्या, पुन्हां बसविलें, शिट्या त्याच. तापणें व निवणें ह्या नित्याच्या ताणानें चिपेखालचे बारीक सांधे तडकतात. थोर कारखान्यांनाही हें चुकलें नाहीं: एनव्हिडिया कंपनीला २००८ सालीं आपल्या कांहीं सदोष चिपांपायीं १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली होती.

शेवटीं कार्ड बाजूस ठेवलें आणि पडद्याची तार मदरबोर्डाच्या स्वतःच्या खोबणींत घातली. शिट्या थांबल्या. पडदा उजळला. टिपणें तबकडीवर होतीं; कार्डाचा आणि त्यांचा कांहींएक संबंध नव्हता. आबांनीं चष्मा चढवून पहिलें पान शेवटपर्यंत वाचलें, मग दुसरें.

दुसऱ्या दिवशीं मी नवें कार्ड आणावयास परभणीस निघालों, तेव्हां त्यांनीं कोऱ्या कागदाचीं दोन रिमें आणावयास सांगितलीं.