भिंत न फोडता बसविलेले कवाड

विहिरीवर मोटर असणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला 'फूटव्हॉल्व्ह' ठाऊक असतो. पाइपाच्या तळाशी बसविलेली ही झडप पाणी वर जाऊ देते, खाली परतू देत नाही. तिच्यात कचरा अडकला वा ती झिजली की मोटर नुसतीच फिरते. मग चार माणसे बोलावून सगळा पाइप वर ओढावा लागतो. आमच्या निपाणी भागात हे काम वर्षातून एकदा तरी ठरलेले असे, आणि तेवढा वेळ पाणी बंद. आता समजा कोणी म्हणाले, की मोटर चालूच राहू दे, पाइप जागचा हलवायचा नाही, आणि तरीही झडप बदलून दे. तर आपण त्याला वेड्यात काढू. वैद्यकशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत हेच वेडेपण माणसाच्या हृदयात करून दाखविले. त्याचा हा थोडक्यात इतिहास.

हा विषय मी निवडला त्याला एक घरगुती कारण आहे. माझी थोरली आत्या तंबाखूच्या वखारीत कामाला जाई. १९८५ साली, मी एस.एस.एल.सी.ला असताना, तिला पायऱ्या चढताना धाप लागू लागली. रात्री उशी उंच करून ती बसूनच झोपे. मोठ्या गावच्या डॉक्टरांनी सांगितले, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता त्याने हृदयाची झडप आखडली आहे. छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल. घरात कोणाचाच धीर झाला नाही. आत्या म्हणाली, "छाती फाडून जगायचं कशाला, अण्णा?" वडील गप्प राहिले. दोन वर्षांनी आषाढात ती गेली. वय अवघे छत्तीस.

बोटाने उघडलेले दार

हृदयाला चार झडपा असतात. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा त्या उघडतात आणि मिटतात. कन्नडमध्ये त्यांना 'कवाट' म्हणतात. आपले 'कवाड' त्याच घराण्यातले. या कवाडाचे दुखणे दोन तऱ्हेचे. एक तर ते पुरते उघडत नाही, किंवा पुरते मिटत नाही. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील 'मायट्रल' झडपेचे तोंड निरोगी माणसात साधारण ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. आत्यासारख्या रुग्णात ते एक चौरस सेंटिमीटरच्याही आत येते. मागे रक्त तुंबते, फुप्फुसे ओलावतात आणि धाप लागते.

हे आखडलेले दार उघडण्याचे सुरुवातीचे एक यशस्वी साधन होते माणसाचे बोट! १९२५ साली लंडनचे शल्यचिकित्सक हेन्री सूटर यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयाला छेद देऊन आत बोट घातले आणि झडप रुंद केली. मुलगी वाचली. परंतु त्यानंतर सूटर यांच्याकडे असा एकही रुग्ण पाठविला गेला नाही. हृदयाला हात लावणेच गैर, अशी तेव्हाची वैद्यकीय समजूत होती. पुढची तेवीस वर्षे ते बोट रिकामेच राहिले. १९४८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स बेली यांनी पुन्हा प्रयत्न केला. आधीचे चार रुग्ण दगावले होते, पाचवा वाचला. त्याच महिन्यात ड्वाइट हार्केन यांनाही यश आले, आणि ही शस्त्रक्रिया जगभर पसरली.

पुढे १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय आणि फुप्फुसांचे काम तात्पुरते सांभाळणारे यंत्र वापरून यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्यामुळे हृदय थांबवून आत डोकावणे शक्य झाले. १९६० साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे अल्बर्ट स्टार हे शल्यचिकित्सक आणि लोवेल एडवर्ड्स हे निवृत्त अभियंता या जोडीने पिंजऱ्यात चेंडू असलेली कृत्रिम झडप माणसाच्या हृदयात बसविली. एडवर्ड्स आले होते अख्खे कृत्रिम हृदय करण्याचा विचार घेऊन. स्टार यांनी त्यांना सुचविले की आधी झडपेपासून सुरुवात करू. भारतातही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने आपली स्वदेशी झडप घडविली, आणि १९९० च्या डिसेंबरात ती पहिल्या रुग्णाला बसली. या साऱ्यांनी असंख्य प्राण वाचविले. मात्र प्रत्येक वेळी छाती उघडावीच लागे. ज्याला ते सोसणार नाही, त्याच्यासाठी उत्तर नव्हते.

शिरेतून जाणारी वाट

या प्रश्नाचे उत्तर एका वेगळ्याच आडवाटेने आले. १९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावातील पंचविशीतला डॉक्टर वेर्नर फोर्समान याने स्वतःच्या दंडाच्या शिरेत एक बारीक नळी घातली, ती ६५ सेंटिमीटर आत सरकविली, आणि तशीच नळी घेऊन तो चालत क्ष-किरणांच्या खोलीत गेला. नळीचे टोक हृदयात पोहोचलेले छायाचित्रात दिसले. वरिष्ठांनी त्याला परवानगी दिली नव्हती. कौतुक तर दूरच, उपेक्षाच वाट्याला आली. तो पुढे मूत्रविकारांकडे वळला. १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा सत्तावीस वर्षे उलटून गेली होती.

रक्तवाहिनी म्हणजे हृदयापर्यंत जाणारा तयार रस्ता, हे एकदा कळल्यावर पुढचा प्रश्न होता, या रस्त्याने औजार नेता येईल काय? १९७७ मध्ये झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी नळीच्या टोकाला चिमुकला फुगा बांधून हृदयाची अरुंद रोहिणी रुंद केली. झडपेसाठी हेच काम जपानचे शल्यचिकित्सक कांजी इनोवे यांनी १९८२ मध्ये केले. त्यांचा रबरी फुगा फार विचाराने बनविलेला आहे. मांडीच्या शिरेतून तो हृदयाच्या उजव्या कप्प्यात जातो, मधल्या पातळ पडद्याला छिद्र करून डाव्या बाजूला उतरतो. तेथे आधी त्याचा पुढचा भाग फुगतो, मग मागचा. फुगा डमरूसारखा होऊन झडपेत बरोबर अडकतो, निसटत नाही. शेवटी मधला भाग फुगतो आणि चिकटलेल्या पाकळ्या सांध्यावर सुटतात. बेली यांचे बोट जे करीत होते, तेच काम छातीला हात न लावता झाले. रुग्ण जागाच असतो.

आणि आता जी गोष्ट मला फार उशिरा कळली, ती सांगतो. १९८५ सालीच बोस्टनचे जेम्स लॉक आणि दिल्लीचे डॉक्टर यांनी मिळून आपल्या देशातील आठ मुले व तरुण यांच्या आखडलेल्या मायट्रल झडपा फुग्याने उघडल्याचा निबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला. वर्ष तेच, देश तोच, रोगही तोच. पण दिल्लीतली ती वाट आमच्या वखारीपर्यंत यायला आणखी काही वर्षे लागायची होती. त्यात कोणाचा दोष होता असे मी म्हणत नाही.

छत्रीसारखी मिटणारी झडप

तरुणांची चिकटलेली झडप फुग्याने उघडते. म्हातारपणी चुना साचून दगडासारखी झालेली महारोहिणीची झडप मात्र उघडून पुन्हा आखडते. फ्रान्समधील रूआँ येथील आलँ क्रिबिए यांनी १९८५ मध्ये अशा वृद्धांवर फुग्याचा प्रयोग केला. रुग्णांना आराम पडे, परंतु काही महिन्यांत दुखणे पुन्हा मूळ पदावर येई. फुगा काढून घेतल्यावरही दार उघडे राहील, असे काहीतरी आत ठेवून यावयास हवे होते.

ही कल्पना डेन्मार्कच्या हेनिंग रुड अँडरसन यांना १९८९ च्या फेब्रुवारीत सुचली. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात एका परिषदेत हूलिओ पाल्माझ यांचे रक्तवाहिनीत बसवावयाच्या जाळीदार नळीवर, म्हणजे 'स्टेंट'वर, व्याख्यान चालू होते. अँडरसन यांच्या मनात आले, ही जाळी मोठी करून तिच्यात झडपच शिवली तर? घरी परतून त्यांनी खाटकाकडून डुकरांची हृदये आणली, हाताने तारा वाकवून जाळी केली, आणि १ मे १९८९ रोजी एका जिवंत डुकरात ती झडप बसविली. ती चालली. तरी नियतकालिकांनी निबंध परत पाठविला. तो छापून यायला १९९२ उजाडले.

क्रिबिए यांनी मृतदेहांच्या हृदयांवर जाळी बसवून पाहिली आणि ती दगडी झडपेत घट्ट राहते याची खात्री करून घेतली. पण मोठमोठ्या कंपन्यांनी नकार दिले. अखेर १९९९ मध्ये काही सहकाऱ्यांसह त्यांनी स्वतःच छोटी कंपनी काढली, आणि इस्रायलमधील अभियंत्यांनी झडप घडविली. गाईगुरांच्या हृदयावरणाच्या तीन पाकळ्या पोलादी जाळीत शिवायच्या, ते सारे छत्रीसारखे मिटवून फुग्यावर बसवायचे, आणि जागेवर नेऊन उघडायचे. जुनी झडप काढायची नाही. तिला बाजूला दाबून तिच्यातच नवी बसवायची. दरम्यान २००० साली पॅरिस येथे फिलिप बोनहोफर यांनी बारा वर्षांच्या एका मुलाच्या फुप्फुसधमनीत अशा तऱ्हेची झडप बसविली होती.

१६ एप्रिल २००२ रोजी रूआँमध्ये सत्तावन्न वर्षांचा एक माणूस मरणपंथाला लागला होता. शल्यचिकित्सकांनी हात टेकले होते. पायाच्या धमन्याही निकामी, म्हणून क्रिबिए शिरेच्या लांबच्या वाटेने गेले आणि झडप बसविली. रुग्ण लगेच सुधारला. तो चार महिन्यांनी गेला, पण अन्य विकारांनी; झडप शेवटपर्यंत नीट चालली. २००४ मध्ये ही छोटी कंपनी विकत घेतली ती एडवर्ड्स यांच्या नावाच्याच कंपनीने. अशा रीतीने १९६० चा धागा पुन्हा जुळला.

पुरावा आला २०१० मध्ये. शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या ३५८ रुग्णांच्या अभ्यासात, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी वर्षभरात ५०.७ टक्के दगावले, तर नवी झडप बसविलेल्यांपैकी ३०.७ टक्के. पक्षाघाताचे प्रमाण मात्र नव्या पद्धतीत अधिक होते, हेही त्याच निबंधात लिहिलेले आहे. न मिटणाऱ्या मायट्रल झडपेवरही तोडगा निघाला. इटलीचे ओत्ताव्हिओ अल्फिएरी दोन पाकळ्या मध्यभागी एका टाक्याने जोडीत. तेच काम शिरेतून जाणारा चिमटा करू लागला, आणि २००३ मध्ये तो माणसात प्रथम बसला. भारतात वापी येथे बनलेल्या 'मायव्हाल' झडपेला २०१८ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. क्रिबिए २०२४ च्या फेब्रुवारीत निवर्तले.

या इतिहासात मला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. सूटर, फोर्समान, अँडरसन, क्रिबिए या प्रत्येकाच्या वाट्याला नकार आला. क्रिबिए थांबले नाहीत, कारण त्यांच्यापुढे असा रुग्ण होता ज्याला बाकी सर्वांनी नकार दिला होता. नकार मिळालेल्या रुग्णासाठीच नवी वाट निघाली.

पण मुख्याध्यापक म्हणून मला याहून साधी एक गोष्ट सांगावीशी वाटते. छत्रीसारखी झडप मुख्यतः वृद्धांसाठी आहे. आत्याचा रोग सुरू होतो तो पाच ते पंधरा या वयात, म्हणजे आमच्या शाळेच्या बाकांवर. घसा दुखतो, ताप येतो, दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा. घसा दुखतानाच पेनिसिलीन मिळाले तर बहुधा पुढचे सारे टळते. एकदा संधिज्वर होऊन गेला असला, तरी तीन-चार आठवड्यांनी एक इंजेक्शन वर्षानुवर्षे नेमाने घेतल्यास झडप वाचू शकते. म्हणून आमच्या शाळेत मराठी वर्ग असो वा कन्नड, कवायतीला "सर, गुडघा दुखतोय" म्हणणाऱ्या मुलाला कोणी कामचुकार म्हणायचे नाही, असा मी नियम केला आहे. त्याच्या घरी आधी निरोप जातो, आणि आईला विचारले जाते, "मागे घसा धरला होता का?"

आत्याला हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नव्हता.