नातीची परीक्षा

माझी नात अमेरिकेत नर्सिंगच्या परवान्यासाठी ‘एनक्लेक्स’ची तयारी करते आहे. उत्तर बरोबर आले की संगणक पुढचा प्रश्न अधिक अवघड देतो! परवा फोनवर रडवेली झाली, म्हणून तिला एक जुने भांडण सांगितले.

इंग्लंडमध्ये परिचारिकांच्या नोंदणीला खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा विरोध होता. चारित्र्य परीक्षेत कसे मोजणार, हा तिचा सवाल. एथेल फेनविकबाई मात्र ठाम होत्या: रुग्णाला हमी हवी. न्यूझीलंडने १९०१ साली कायदा केला, इंग्लंडने १९१९ साली. तिथल्या नोंदवहीत पहिले नाव फेनविकबाईंचेच!

जन्मभर पेपर तपासलेल्या मला दोघींचेही पटते. माझ्या आजारपणात रात्री उशाशी बसणाऱ्या सिस्टरचे गुण मी कुठे विचारले होते? पण तिने औषध अचूक मोजले, म्हणून तर हे लिहायला मी उरले.